नाटक पोट्ट्यायचं, कागद कोनाचा?

मामांनी चष्मा कपाळावर सारला, कागद डोळ्यांजवळ आणला, मग हात लांब करून पाहिला आणि काही न बोलता मांडीवर ठेवला. मी चहा ओतत होते. दोन घोट झाल्यावर म्हणाले, "काय व हे? नाटकाची पत्रिका हाय का सातबारा?"

हिवरखेडच्या बाजारपेठेत मामांचा छापखाना होता. पायाने मारायचं ट्रेडल, खिळ्यांच्या केस, शाईचा आणि घासलेटचा वास. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, जत्रेच्या जाहिराती, आणि परगावची नाटकमंडळी आली की त्यांची हस्तपत्रकं, पिवळ्या-गुलाबी पतंगी कागदावर. संगणक आले तसं हे सगळं बंद पडलं. यंत्र भंगारात गेलं, पण मोठ्या लाकडी अक्षरांची एक पेटी त्यांनी ठेवून घेतली आहे. मी शाळेत मराठी शिकवते. स्नेहसंमेलनातलं नाटक दरवर्षी माझ्याकडे असतं, आणि नाटकासोबत येणारे कागदही: भिंतीवर लावायचं पत्रक, व्हॉट्सॲपवर फिरवायचं चित्र, प्रेक्षकांच्या हातात द्यायची पत्रिका. या वर्षी छापायला देण्याआधी डीटीपीवाल्याचा कच्चा नमुना मामांना दाखवावा म्हणून गेले होते. प्रयोगाला बारा दिवस होते.

"सातबारा कायले म्हणता?"

"मंग काय तं! पयल्या पानावर कोन कोन हाय पाह्य. अध्यक्ष, उद्घाटक, प्रमुख अतिथी, विशेष अतिथी, सत्कारमूर्ती, विनीत. नऊ नावं झाले. आन् नाटक कुठी हाय? हे इथं. बारीक अक्षरात, सांस्कृतिक कार्यक्रमाच्या खाली."

मी कागद ओढून घेतला. खरंच नऊ होती. मी ती गेल्या वर्षीच्या पत्रिकेवरून जशीच्या तशी उतरवली होती. तो मजकूर तिथे असतोच, म्हणून तो मला दिसलाच नव्हता.

"मुलांची नावं आत आहेत, मामा. सगळी. अठ्ठावीस. तीच तर माझी मुख्य गोष्ट आहे."

"आत हायेत, थे ठीक हाय. पन मानूस आत कवा येईन? दार तं तू या नऊ जनायनं अडवून ठेवलं."

भांडण इथून सुरू झालं. मामांच्या मते नाटकाचा कागद म्हणजे हाक. ती लांब ऐकू गेली पाहिजे, तिच्यात शब्द थोडे हवेत, आणि ती ऐकून माणूस घरातून उठला पाहिजे. माझ्या मते विद्यार्थ्यांच्या नाटकाचा कागद म्हणजे नोंद. या मुलांनी हे केलं, यानं पडदा ओढला, हिनं दाढ्या चिकटवल्या, असं लिहिलेलं कुठेतरी राहिलं पाहिजे. व्यावसायिक नाटकाला तिकीट खपवायचं असतं. आम्हाला काय खपवायचं आहे?

असं मला वाटण्याला एक कारण आहे, ते मी त्यांना सांगितलं. गेल्या वर्षी माझ्या हातून एक चूक झाली. आठवीतली एक मुलगी दीड महिना विंगेत संहिता घेऊन बसायची. कोण कुठे अडखळतो हे तिला तोंडपाठ. प्रयोगाच्या दिवशी तिने दोन प्रवेश अक्षरशः सावरले. पत्रिकेत मात्र नेपथ्य, रंगभूषा, वेशभूषा, पार्श्वसंगीत, सगळं आलं, प्रॉम्प्टिंग राहिलं. ती काही बोलली नाही. फेब्रुवारीत वह्या तपासताना तिच्या वहीच्या कव्हरात चार घड्या घातलेली ती पत्रिका सापडली. पार्श्वसंगीताच्या खाली निळ्या बॉलपेनने 'प्रॉम्प्टिंग' लिहिलेलं, त्यापुढे तिचं नाव. छापल्यासारखं दिसावं म्हणून अक्षरं सुटी काढलेली, आणि शिरोरेघ पट्टी लावून ओढलेली.

मामा बराच वेळ गप्प राहिले. छापखानेवाल्याला ती पट्टीने ओढलेली रेघ माझ्याहून जास्त दिसली असणार.

"वाईट झालं," ते म्हणाले. मग थांबून, "तिची माय आलती का नाटक पाहाले?"

"नाही. कापसाची वेचणी चालू होती. तिला माहीतही नव्हतं बहुतेक."

"मंग छापलं असतं, तरी वाचलं कोनं असतं?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी इतिहासात शिरले. शिक्षकाला अडचणीत तो बरा पडतो. म्हटलं, "मामा, १८४३ साली सांगलीला विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केलं. तेव्हा कुठे होतं हस्तपत्रक? काम चांगलं असलं की..."

"तवा राजा होता ना व! चिंतामणराव पटवर्धन. शिधा राजाचा, पाहनारे राजाचे. राजा गेला १८५१ ले. आन् दोन वर्सांत भाव्याले मुंबईत तिकीट लावून खेळ करा लागले, पेपरात जाहिरात द्या लागली. राजा असला तं आमंत्रन पुरते. राजा नसला तं हाक माराच लागते."

"हे तुम्हाला कुठून ठाऊक?"

"रंगभूमी दिनाचं पत्रक छापो न मी, ५ नोव्हेंबरचं. छापनारा मानूस सारं वाचते. उलटं वाचते, पन वाचते."

त्यांचं म्हणणं माझ्या विरुद्ध होतं, तरी त्यातून मला माझीच पत्रिका समजली. ती नऊ नावं म्हणजे आमचे राजे. आमच्या शाळांच्या पत्रिका अजून राजासाठीच छापल्या जातात. त्याला आपलं नाव मोठं दिसावं, तो खूश होऊन जावा, पुढच्या वर्षी वर्गखोलीला पत्रे मिळावेत. नाटक आणि पाहणारे यांच्यासाठी जो कागद असतो तो आम्ही अजून छापलेलाच नाही. आणि मी ज्याला नोंद म्हणत होते, ती आतल्या पानावर, मागच्या रांगेत बसवलेली.

मी पेन काढलं आणि नऊही नावं शेवटच्या पानावर नेली. संस्थेत यावरून बोलावं लागेल, ते बोलेन. पहिल्या पानावर नाटकाचं नाव, लेखकांची नावं, दिवस, वेळ, जागा.

"वेळ काय टाकली?" मामांनी विचारलं.

"सायंकाळी ठीक सहा."

"ठीक सहाले या गावात कोन मोकळं असते, सांग मले."

आणि मग त्यांनी मला माझंच गाव समजावून सांगितलं. तिकडे वडसा-गडचिरोलीकडे झाडीपट्टीची नाटकं दिवाळीपासून होळीपर्यंत रात्र रात्र चालतात, कारण धान एकदाचं घरात आलं की माणूस मोकळा होतो. त्यांचं हस्तपत्रक त्या मोकळ्या माणसासाठी असतं. आपल्याकडे कापूस. सीतादहीची पूजा झाली की वेचणी सुरू, ती संक्रांत उलटली तरी संपत नाही. वेचणारी बाई सहाला घरी येते, चूल पेटवते, आठला तिला उभं राहवत नाही. ज्याच्या पंपाची लाइन रात्रीची आहे तो हरभऱ्याला पाणी द्यायला वावरात. पानमळ्यात आणि पानपिंपरीत काम करणाऱ्यांचं वेळापत्रक आणखी वेगळं. "तू सहा लिहिलं म्हंजे मास्तर, मास्तरनी, दुकानदार आन् नोकरीवाले, इतल्यायलेच हाक मारली. बाकीच्यायले तू बोलावलंच नाई."

"मग आठ लिहू? मुली आजूबाजूच्या खेड्यांतून येतात. एसटी निघून जाते. रात्री त्यांना घरी कोण सोडेल?"

"आठ नको. बाजाराच्या दिवशी ठेव. दुपारी दोनले."

"बाजाराच्या दिवशी? भोंगे, गर्दी, गोंधळ..."

"त्या दिवशी मजुराले सुट्टी असते. चुकारा त्याच दिवशी होते. खेड्यावरचं मानूस आपल्या पायानं गावात येते, त्याले आनाले तुले काही करा लागत नाई. उन्हं उतरल्याबिगर बाजार भरत नाई. दोन ते चार थो मानूस कुठीतरी सावलीत बसलाच असते. त्याले तुह्या मांडवात बसव."

मी विद्यापीठाच्या युवा महोत्सवात एकांकिका केल्या आहेत, नाटकाची शिबिरं केली आहेत. प्रसिद्धीवर व्याख्यानंही ऐकली. 'आपला प्रेक्षक ओळखा' असं तिथे सगळेच सांगत. ओळखायचा म्हणजे त्याची वेचणी, त्याची लाइन आणि त्याचा चुकारा ओळखायचा, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मी वेळ बदलली. मामांनी आणखी एक ओळ घालायला लावली: नाटक किती वाजता सुटेल. "ज्याले एसटी पकडाची हाय, थो आदी सुटाची वेळ पाहते." खरं आहे. कोणत्याच पत्रकावर ती नसते. आणि व्हॉट्सॲपच्या चित्रात मी 'उद्या सायंकाळी' लिहिलं होतं, ते मी स्वतःच खोडलं. ते चित्र तीन दिवस गावभर फिरतं. ज्याला ते प्रयोगानंतर मिळेल त्याच्यासाठीही उद्याच असेल.

इथपर्यंत मामा जिंकत होते. पण सारं गाव बोलवायचं म्हटल्यावर माझ्या मनात दुसरी गोष्ट आली, आणि ती साधी नाही.

"मामा, शाळेला नाटक करायला एक सवलत आहे. प्रताधिकार कायदा, १९५७. कलम ५२. शिक्षकांनी नि विद्यार्थ्यांनी प्रयोग केला आणि पाहायला विद्यार्थी, शिक्षक, पालक आणि संस्थेशी संबंधित माणसंच असली, तर लेखकाची परवानगी लागत नाही. तुम्ही ऑटोवर भोंगा लावून बाजाराला बोलावलं की ती सवलत गेली."

"मंग परवानगी मांगाची. इचाराले काय होते?"

इतकं सोपं आहे ते. आपल्याकडच्या नाटकांच्या पुस्तकांत बहुधा सुरुवातीलाच लिहिलेलं असतं, प्रयोगासाठी परवानगी कोणाकडे मागायची. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क वारसांकडे राहतात. १९१९ मध्ये गेलेल्या गडकऱ्यांचं नाटक कोणीही करावं, १९६९ मध्ये गेलेल्या अत्र्यांचं २०२९ संपेपर्यंत विचारून करावं. एक पत्र लिहायचं, मानधन सांगितलं तर द्यायचं, नाहीतर शाळेची अडचण कळवायची. आम्ही ते पत्र लिहीत नाही. सवलत आहे म्हणून लिहीत नाही, असं आम्ही स्वतःला सांगतो, आणि त्याच सवलतीच्या आडून पत्रकावरून लेखकाचं नावही गाळतो. गेल्या वर्षीच्या पत्रकावर लेखकाचं नाव नव्हतं. 'मार्गदर्शन' म्हणून माझं होतं. ज्या मुलांना मी निबंधात दुसऱ्याचं वाक्य उतरवलं म्हणून रागावते, त्यांच्यासमोर मी हे केलं होतं. कायद्यात बसलं असेल, पण बरोबर नव्हतं.

श्रीपाद कृष्ण कोल्हटकर याच भागात राहून नाटकं लिहीत होते. जळगाव जामोद इथून काही फार लांब नाही. वकिली करता करता लिहिलेली त्यांची नाटकं पुण्या-मुंबईच्या मंडळ्यांनी केली. अमरावतीच्या वीर वामनराव जोश्यांचं 'रणदुंदुभी' बलवंत संगीत मंडळीने रंगभूमीवर आणलं. आमच्या मुलांना ही दोन नावं ठाऊक नाहीत. नाटकाच्या कागदावर लेखक नसतोच, अशी त्यांना आम्ही सवय लावली, मग त्यांना का ठाऊक असावीत?

"अवंदाचं नाटक कोनाचं?" मामांनी विचारलं.

"मुलांचंच. नववीतल्या चौघांनी लिहिलं."

या नाटकाबद्दल थोडं सांगितलं पाहिजे. अकोला-खंडवा मीटरगेज हिवरखेडवरून जायची. ती बंद झाली. नवा रुंद मार्ग मेळघाट व्याघ्र प्रकल्पाच्या बाहेरून वळवायचं ठरलं, तो आपल्या गावावरून पुढे सोनाळ्याकडे जायचा आहे. मुलांच्या नाटकात एक लग्नाचं वऱ्हाड स्टेशनावर गाडीची वाट पाहत बसलं आहे. गाडी येत नाही. नवरा मुलगा म्हातारा होतो, वाजंत्रीवाले शेती करायला लागतात, कोणीतरी प्लॅटफॉर्मवर पानमळा लावतो. वऱ्हाड म्हणजे लग्नाची माणसं आणि वऱ्हाड म्हणजे आपण सगळे, हे त्या चौघांनी माझ्या मदतीशिवाय शोधलं. नाटकाच्या नावातही तो शब्द आहे.

मामा हसले नाहीत. ते त्या गाडीने कागद आणत असत. "मंग लेखन म्हून चौघायचे नावं वर टाक. मोठे. मार्गदर्शन खाली."

"मार्गदर्शन काढूनच टाकलं."

"काढू नको. थे बी नोंदच हाय ना? खाली राहू दे."

मग आम्ही अक्षरांकडे वळलो, आणि इथे मामा वेगळेच झाले. डीटीपीचा नमुना त्यांनी उजेडात धरला. "हे काय लिहिलं?"

'वर्हाड'. र वर चढून रफार झाला होता. मी मोबाइलवर टाइप करून पाठवलेला मजकूर दुकानातल्या जुन्या फॉन्टमध्ये गेला, आणि अर्धा ऱ मोडला. असं नेहमी होतं. दुसऱ्या कुठल्या जिल्ह्यात एखाद्या शब्दाची ही चूक खपून जात असेल. आमचा तर मुलूखच त्या अर्ध्या अक्षरावर उभा आहे.

मामा उठले, माळ्यावरून पेटी काढली. लाकडी अक्षरं, शाईने काळी पडलेली, तळहाताएवढी. कडा झिजून गोल झालेल्या. एका फडक्यात वेगळं बांधलेलं एक अक्षर त्यांनी माझ्या हातावर ठेवलं. आडव्या रेघेखाली विळ्यासारखी छोटी वक्र रेघ. ऱ्ह मधला अर्धा र. "छापखाना टाकला, तवा अकोल्याहून हे पयले आनलं. वऱ्हाडात धंदा कराचा आन् वऱ्हाड लिहिता येत नाई, असं कसं चालीन?"

"मामा, मग भिंतीवरची पत्रकं याच अक्षरांनी काढू. मुलंच काढतील. शाई लावायची, रूळ फिरवायचा, कागद दाबायचा."

"चाळीस निघतीन. जास्त नाई. अन् लांबून फ्लेक्ससारखं दिसनार नाई."

फ्लेक्सवर मी अडून बसले. शंभर मायक्रॉनपेक्षा पातळ प्लास्टिकच्या बॅनरवर २०२२ च्या जुलैपासून बंदी आहे. जाड फ्लेक्सही नाटक संपल्यावर कोणाच्या तरी गोठ्यावर वर्षभर फाटत राहतो. शिवाय फ्लेक्स म्हटला की त्यावर चेहरे येतात, आणि ते मुलांचे नसतात. मामांना हे सगळं पटलं नाही. चौकात एक हवाच, असं ते शेवटपर्यंत म्हणत राहिले. त्यावर आमचं एकमत झालेलं नाही.

पण अक्षरांवर झालं. त्यांच्याकडे वर्तमानपत्रांतल्या नाटकांच्या जाहिरातींची कात्रणं आहेत, जुन्या रजिस्टरमध्ये चिकटवलेली. त्यातली कितीतरी नावं कमल शेडगे यांच्या हातची. २०२० साली ते गेले. 'माझी अक्षरगाथा' या त्यांच्या पुस्तकात हे काम एकत्र पाहायला मिळतं. मोजक्या सेंटिमीटरच्या काळ्या-पांढऱ्या जागेत, बहुतेकदा फोटोशिवाय, नुसत्या वळणावरून कळतं की हे नाटक हसवणारं आहे की घाबरवणारं. एका नावाची वेलांटी वाकवली, दुसऱ्याची शिरोरेघ तोडली, आणि तेवढ्यावर लोकांनी तिकिटं काढली. मी मामांना म्हटलं, "हीच तर हाक झाली, आणि हीच नोंद." ते म्हणाले, "नाई. हे कला झाली. हाक वेगळी. हाक वाचता न येनाऱ्यालेबी समजली पाह्यजे."

म्हणून ऑटो. भोंगा, माइक, आणि मजकूर मामांनी सांगितला, मी लिहून घेतला:

"ऐका हो मायबाप! बाजारात आलेल्या साऱ्या बाया-मानसायनं ऐका! आपल्याच पोट्ट्यायनं लिहिलेलं, आपल्याच पोट्ट्यायनं केलेलं नाटक, आपल्याच स्टेशनाचं! दुपारी दोनले शाळेच्या मैदानात! चारले सुटते, एसटी भेटते! तिकीट नाई, पोतं आना बसाले!"

यात ऑटोवाल्याचा आवाज नको, मुलांचाच हवा, असं मी म्हटलं. पुण्यात १९६३ पासून पुरुषोत्तम करंडक चालू आहे. तिथे भरत नाट्य मंदिरात पोरं 'आवाज कुणाचा' अशी आरोळी ठोकून आपल्या कॉलेजचं नाव घेतात. ती जाहिरात कोणी लिहून दिलेली नसते, त्या वयाच्या गळ्यातून ती आपोआप निघते. तशी आमच्याही मुलांच्या गळ्यातून निघावी. मामा लगेच कबूल झाले. मला वाटलं होतं ते वाद घालतील.

पत्रिकेच्या मागच्या पानावर दुकानांच्या जाहिराती घ्यायच्या की नाही, यावर फार वेळ गेला नाही. कागदाचा खर्च कोणीतरी द्यायला हवा. कृषी केंद्र चालेल, कापड दुकान चालेल, तंबाखू-खर्र्याचं दुकान चालणार नाही, मग ते कितीही देवो.

शेवटी आम्ही पुन्हा नावांवर आलो.

मामांना अठ्ठावीस नावं अजून जास्तच वाटत होती. "८ जुलै १९२१ ले मुंबईत 'संयुक्त मानापमान' झालं. टिळक स्वराज्य फंडासाठी. बालगंधर्व आन् केशवराव भोसले. दोन नावं, थिएटर फुल्ल. तुले अठ्ठावीस कायले?"

"ती दोन नावं आधीच सगळ्या महाराष्ट्राला पाठ होती, मामा. छापली नसती तरी चाललं असतं. या अठ्ठावीसपैकी कितींचं नाव हजेरीपट, रेशनकार्ड आणि निकालपत्र सोडून कुठे छापलं गेलं आहे? आपण काय केलं म्हणून नाव छापलं जाण्याची ही पहिलीच वेळ आहे. काहींची शेवटचीही असेल."

यावर ते काही बोलले नाहीत. त्यांनी यादी पुढे ओढली आणि एक एक नाव मोठ्याने वाचायला लागले, मी मूळ कागदावर बोट ठेवून पाहायचं. छापखान्यात मुद्रितं अशीच तपासली जायची. दोन वेलांट्या चुकलेल्या निघाल्या, एक आडनाव अर्धंच होतं. क्रम मी अकारविल्हे लावला होता, पहिल्या नावाने, भूमिकेच्या मोठेपणाने नाही. ते त्यांना आवडलं.

"ह्या पोरीचं आडनाव कुठी हाय?"

"तिने नको म्हटलं. आडनाव वाचलं की लोक पुढचं सगळं आपणच समजून घेतात, म्हणाली. नुसतं नाव आणि आईचं नाव लावा, म्हणाली."

"आईचं?"

"आता सरकारी कागदावरही येतं, मामा. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आधी आईचं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव. ही मुलगी त्याआधी जन्मली म्हणून काय झालं?"

ते थोडा वेळ त्या नावाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "शेवटी एक ओळ कोरी सोड. टिंबं टिंबं. कोनी राहून गेलं, तं थो आपल्या हातानं लिहीन. त्या पोरीनं लिहिलं तसं."

कल्पना सुंदर होती, आणि मी ती नाकारली. कोरी ओळ असली की मी शोधणं थांबवेन. चुकीची सोय आधीच करून ठेवली की चूक करायला मोकळीक मिळते. त्या मुलीने पट्टी लावून रेघ ओढली, ते तिचं मोठेपण. ती वेळ दुसऱ्या कोणावर यावी, याची मी छापून व्यवस्था करणार नाही. मामांना माझं म्हणणं कठोर वाटलं. कोऱ्या ओळीत माणसाला जागा असते, ते म्हणाले. छापखान्यात तीस वर्षं काढलेल्या माणसाने तसं म्हणावं याचा मला अर्थ लागतो. चूक होतेच, हे त्यांनी माझ्याहून जास्त पाहिलं आहे. तरी मी ओळ सोडली नाही.

शेवटून दुसरं नाव वाचताना ते थांबले. "हे काय? 'लाइनमन'?"

"प्रकाशयोजना करणारा मुलगा. सगळे त्याला तेच म्हणतात. घाईत मी तसंच लिहिलं. हजेरीपटात पाहून घालते."

"हजेरीपटात नको पाहू. त्याले इचार, कसं पाह्यजे थे."

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी त्याला विचारलं. तो वायरच्या वेटोळ्यावर बसून चिकटपट्टी दाताने तोडत होता. पत्रिकेत नाव कसं छापू, म्हटल्यावर त्याने चिकटपट्टी बाजूला ठेवली, हात पँटला पुसले.

"घरी इचारून सांगतो, मॅडम," तो म्हणाला.

डीटीपीवाल्याला मी एक दिवस थांबायला सांगितलं आहे.